दोन जीबीचा संसार

कॉम्प्युटर अडखळायला लागला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात: नवा घ्या, नाहीतर भंगारात द्या. बाजव्याला आमच्या घरी दोन जीबी रॅमचा एक छोटा लॅपटॉप आहे. रॅम बोर्डलाच पक्की जोडलेली, त्यामुळे वाढवायची सोय नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "बेन, आ तो भंगार छे." पण धाकटी यंदा बारावीत आहे. बाबांचं काम कंत्राटी, आणि पुढचं कंत्राट हातात येईपर्यंत मोठा खर्च करायचा नाही, असं घरात ठरलेलं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी होस्टेलवरून घरी गेले ती त्याच्याच मागे लागले.

त्यावर हलकं लिनक्स होतंच. 'फ्री' ही आज्ञा दिली की मोकळी रॅम अगदी नावापुरती दिसायची. त्याने घाबरायचं नसतं. रिकामी रॅम सिस्टिम वाया घालवत नाही, नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथे जवळ ठेवते. खरा अंदाज 'अव्हेलेबल' या रकान्यात मिळतो. आमच्याकडे तोही तळाला गेला होता.

आजीने विचारलं, "मग हे अडतं कुठे गं?" म्हटलं, आजी, खोली लहान असली की रोज न लागणारं सामान आपण माळ्यावर टाकतो ना? तसा याचा माळा म्हणजे स्वॅप. पण हा माळा स्टोरेजवर, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू. प्रत्येक गोष्टीसाठी शिडी चढायची वेळ आली की दिवसभर नुसती चढउतारच होते, स्वयंपाक राहतो बाजूला. आणि माळाही भरला की लिनक्स एखादा प्रोग्राम सरळ बंद करून बाकीच्यांना वाचवतं. धाकटीची अर्धी सोडवलेली सराव परीक्षा अशीच दोनदा गेली होती.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, झीरॅम. यात रॅममध्येच एक कोपरा राखून सामान दाबून ठेवतात, गोधड्या ट्रंकेत बसवतात तसं. एक जीबीचा ऐवज बहुधा निम्म्याहून कमी जागेत मावतो. 2014 पासून ही सोय लिनक्सच्या गाभ्यात आहे, आणि फेडोराने 2020 मध्ये ती आपल्या डेस्कटॉपवर आपोआप चालू ठेवली. दुसरी, स्वॅपीनेस. जागा हवी झाली की फाइलींच्या प्रती सोडायच्या की प्रोग्रामचं सामान हलवायचं, याचा कल हा आकडा ठरवतो. मूळचा असतो 60. माळा हळू असेल तर तो 10 पर्यंत खाली आणतात. पण माळा रॅममध्येच असेल तर उलट करायचं. मी 100 ठेवला.

हे करताना मला बडोद्याची फिरती ग्रंथालयं आठवली. सयाजीरावांनी 1910 मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं, आणि पुढे पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. वाचून झाल्या की परत, मग दुसरी पेटी. गावाला मोठं कपाट परवडत नव्हतं, पण म्हणून वाचन अडलं नाही. लहान जागेत काय ठेवायचं आणि काय कधी हलवायचं, एवढं नीट ठरलं की पुष्कळ भागतं, हे मला त्या दोन जीबीने पटवलं.

चमत्कार काही झालेला नाही. व्हिडिओ चालू ठेवून चार टॅब उघडले तर तो अजूनही धापा टाकतो. पण फिजिक्सची पीडीएफ आणि सराव परीक्षा आता शेजारी-शेजारी चालतात, आणि मध्येच काही बंद पडत नाही. धाकटीने स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली आहे: 'दोनच टॅब. ताईचा हुकूम.' तिचे पेपर मार्चमध्ये आहेत. तोवर त्याने साथ द्यावी, एवढंच मागणं आहे.