चोर्ल्याची वाट आणि पायाखालचं रबर

बेळगावकराला गोवा परका वाटत नाही. जांबोटीमार्गे निघालं की सुमारे ४५ किलोमीटरवर कणकुंबी, पुढे चोर्ला घाट, आणि घाट उतरला की सत्तरीतलं केरी. आमची आत्या साखळीला असते, त्यामुळे ही वाट आमच्या घरचीच.

यंदा श्रावणात बाबांना तिच्याकडे जायचं होतं. गुडघ्यांमुळे त्यांनी बुलेट चालवणं सोडलंय, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच ते आपल्याच गाडीवर मागे बसणार होते. गाडी जुनी, उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक. माझ्या उंचीसाठी उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून मी फूटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल पुढे सरकवून घेतलंय. बाबांनी पेडलवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे रबर बदल, मग मी बसतो." खरंच होतं. पावसात ओल्या बुटाखाली झिजलेलं रबर म्हणजे शेवाळलेली पायरी.

काम अंगणातच झालं. जुनं रबर ताणून निघेना, म्हणून चाकूने उभं कापलं. खालचा गंज पॉलिश पेपरने घासला. नवीन रबर पाच-सात मिनिटं गरम पाण्यात ठेवलं, आतून साबणाचं पाणी लावलं आणि एका कडेपासून अंगठ्याने दाबत बसवलं. इथे तेल किंवा ग्रीस वापरायचं नाही. रबर खराब होतं आणि पायाखाली फिरतं. कड मागून सगळीकडे नीट बसली का, ते बोट फिरवून पाहिलं आणि रात्रभर वाळू दिलं. मागच्या फूटरेस्टची रबरंही तशीच बदलली. सकाळी पेडलची मोकळी चाल आणि ब्रेकचा दिवा तपासला, गल्लीत हळू चालवून ब्रेक दाबून पाहिला, आणि मग निघालो.

जांबोटीनंतर जंगल दाट होतं. कणकुंबीला धुवांधार पाऊस होता. माउलीच्या देवळाशी थांबलो. मलप्रभा इथेच उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला जाऊन मिळते. याच डोंगरांतलं दुसरं पाणी म्हादईतून पश्चिमेला उतरतं आणि मांडवी होऊन पणजीपाशी समुद्रात जातं. पाऊस एकच, कुठल्या उतारावर पडला, एवढाच फरक.

चोर्ल्याला कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा एकमेकांना भिडतात, पण धुक्यात हद्द कुठे दिसते? दिसते ती फक्त पुढची दहा-पंधरा पावलं. दुसऱ्या गिअरवर, इंजिनाच्याच जोरावर गाडी आवरत उतरायचं, डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून. प्रत्येक वळणाला मागे बाबांचाही डावा पाय दाबला जात होता. चाळीस वर्षांची सवय! त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, पण रबर नवं होतं.

अंजुणे धरणाचं पाणी दिसलं तसा पाऊस ओसरला. केरीला चहा घेताना बाबा वाकून फूटरेस्ट बघत होते. मी विचारलं, "येताना बसने जाता का?"

"कशाला?" ते म्हणाले. "येताना पण मागेच बसतो की."