हळद, लिंबू आणि न सापडणारं यंत्र

लग्नसराईत माजलगावहून येणारा फोन बहुधा रात्री अकरानंतरचा असतो. तिथला एक अल्बम डिझायनर दिवसभर शूटिंग करतो आणि रात्री शीटं लावतो. स्क्रीनवर सोनेरी दिसणारी नवरीच्या गालावरची हळद लॅबमधून लिंबासारखी छापून आली. लॅबवाल्याशी भांडून झालं. मग त्यानं पुण्याहून जुनं कलरिमीटर आणलं. मुठीत मावणारं हे यंत्र स्क्रीनवर लटकवायचं आणि रंग मोजायचे. पण सॉफ्टवेअरला ते सापडेचना.

"डबडं गळ्यात पडलं वाटतं, सर."

तसं सहसा नसतं. ‘यंत्र सापडत नाही’ ही तक्रार मी जितक्यांदा ऐकतो, तितकी मेलेली यंत्रं काही हाती येत नाहीत. पहिली परीक्षा कानाची: वायर खोचल्यावर विंडोज ‘टुंग’ वाजतं का? त्याचं वाजत नव्हतं. एकाच स्वस्त यूएसबी हबवर माउस, कार्डरीडर, हार्डडिस्क आणि वर हा नवा पाहुणा. वायर थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टात लावल्यावर टुंग वाजलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावही आलं. सॉफ्टवेअर मात्र आंधळंच.

खरी गोम इथे आहे. तो वापरत होता ते डिस्प्लेकॅल. फ्लोरियन होख यांनी बनवलेलं, फुकट. पण त्याच्या पोटात मोजणी करतं ते ग्रॅम गिल यांचं अरगिल सीएमएस. यंत्र विंडोजला दिसणं वेगळं आणि अरगिलला दिसणं वेगळं. त्याच्याकडच्या डेटाकलरच्या स्पायडरसारख्या यंत्रासाठी विंडोजवर अरगिलचा स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो. तो बसला की कंपनीच्या सॉफ्टवेअरला यंत्र दिसेनासं होतं. एका म्यानात दोन तलवारी! आय-वन डिस्प्ले प्रो या दुसऱ्या कलरिमीटरला ही भानगड नाही, विंडोज त्याला माउस-कीबोर्डच्या पंगतीत बसवतं. मात्र त्याचेही काही नग मॉनिटर कंपन्यांसाठी वेगळे बनवलेले असतात. दिसायला हुबेहूब, पण त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर आय-वन प्रोफायलर त्यांना दारात उभं करत नाही. सेकंडहँड घेताना एवढं विचारूनच घ्यावं.

शिवाय कंपनीचा छोटा प्रोग्रॅम घड्याळाशेजारी गुपचूप बसून यंत्र धरून ठेवतो. तो बंद केला. टूल्स मेनूतून अरगिलचा ड्रायव्हर टाकला, मशीन रीस्टार्ट केलं आणि यादीत नाव उमटलं.

तेवढ्यात लाइट गेली. आल्यावर मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा लागला. गार पॅनलवरच्या मोजणीवर भरवसा नसतो. लक्ष्य नेहमीचंच: १२० कॅन्डेला, ६५०० केल्व्हिन, गॅमा २.२.

मोजणीआधीचा माझा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: "नाइट लाइट बंद आहे ना?"

पलीकडे शांतता. डोळ्यांना बरं म्हणून स्क्रीन पिवळसर करणारी विंडोजची ती सोय दिवेलागणीला आपोआप चालू होत होती, आणि शीटं लागत होती सगळी रात्रीच. त्यानं बटण दाबलं. समोर उघड्या असलेल्या शीटवरची सोनेरी हळद जागच्या जागी लिंबू झाली.