युरोपची रोड ट्रिप : देश कमी, मुक्काम जास्त

युरोपला जायचं ठरलं की आपण सगळ्यात आधी देश मोजायला लागतो. आम्हीही तेच केलं होतं. १४ दिवसांत ७ देश असा तक्ता बनवून घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी तो शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘सगळं छान आहे गं, पण गाडीतून उतरायचं कधी?’’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. रोज ४००-५०० किलोमीटर, रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरायच्या. त्यासाठी कित्येक वर्षांची बचत आणि जेमतेम मिळालेली रजा खर्च करणार होतो. तो तक्ता बाजूला ठेवला आणि नव्याने सुरुवात केली. तुम्हीही असा बेत आखत असाल, तर आम्ही शिकलेल्या या गोष्टी उपयोगी पडतील.

आधी मार्ग ठरवा

पहिल्या खेपेला जिथून गाडी घ्याल तिथेच ती परत करता येईल असा गोल मार्ग निवडा. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर बहुतेक कंपन्या मोठी जादा रक्कम घेतात.

आमचा मार्ग असा होता : जर्मनीत म्युनिक २ रात्री, ऑस्ट्रियात साल्झबर्ग २, स्लोव्हेनियात ब्लेड ३, इटलीत व्हेनिसजवळ मेस्त्रे २ आणि डोलोमाइट्स पर्वतात कोर्तिना ३, शेवटची १ रात्र पुन्हा म्युनिक. चार देश, १३ रात्री आणि गावागावांतला प्रवास साधारण ११०० किलोमीटर. म्युनिक ते साल्झबर्ग अंतर जवळपास मुंबई-पुण्याइतकं, म्हणजे १४५ किलोमीटर. फक्त परतीचा टप्पा ३०० किलोमीटरच्या पुढे गेला. चारही देशांत युरो चालतो, हा आणखी एक फायदा.

ब्लेडला ३ रात्री ठेवल्या म्हणून तळ्यातल्या बेटावर नावेने जाता आलं. तिथल्या चर्चला ९९ पायऱ्या आहेत. आम्ही वर गेलो, सासूबाई खाली बाकावर बसून बदकं बघत राहिल्या. घाई कुणालाच नव्हती.

व्हिसा आणि परवाना

हे चारही देश शेंगेन क्षेत्रात येतात, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. अर्ज मात्र ज्या देशात मुक्काम सर्वात जास्त त्या देशाकडे करायचा. आमच्या ५ रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडे. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशात आधी प्रवेश करणार तिथे. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं, म्हणून शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो १ वर्ष चालतो, पण एकटा नाही, सोबत आपला मूळ परवाना हवाच. मोबाइलमधल्या प्रतीवर विसंबू नका.

गाडी घेताना

परवाना आणि क्रेडिट कार्ड दोन्ही मुख्य चालकाच्या नावावर असायला हवं. आमचं बुकिंग माझ्या नावावर आणि कार्ड नवऱ्याचं. काउंटरवर पाऊण तास गेला, शेवटी चालकाचं नाव बदलून नवा करार करावा लागला. कोणकोणत्या देशांत गाडी नेणार हे आधीच लिहून द्या. ऑटोमॅटिक गियर हवा असेल तर तसं स्पष्ट मागा. लहान मुलांसाठी सीटही बुकिंगच्या वेळीच सांगा, तिथे ती सक्तीची आहे. डिकीत सगळ्यांच्या बॅगा मावतील ना, हे बॅगा मोजून ठरवा.

विमानातून उतरल्या दिवशी गाडी चालवू नका. तिथे वाहतूक उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे आणि डोळ्यांवर झोप, हा मेळ धोक्याचा आहे. आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेतली. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर मागच्या सीटवरून मुलगी ओरडायची, ‘‘बाबा, उजवीकडे!’’ त्याचा खूप उपयोग झाला.

टोलचं गणित

प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात हायवेसाठी ‘विन्येट’ म्हणजे ठराविक मुदतीचा पास घ्यावा लागतो. ऑस्ट्रियात १० दिवसांचा पास मिळतो, स्लोव्हेनियात आठवड्याचा. ऑनलाइन पास गाडीच्या नंबरवर निघतो आणि नंबर तर गाडी हातात आल्यावरच कळतो. म्हणून सरहद्दीच्या आधी पेट्रोल पंपावर थांबून पास घेणं सोपं पडतं. ऑनलाइन घ्यायचाच असेल तर अधिकृत साइटवरूनच घ्या, इतर साइट्स जादा पैसे लावतात. साल्झबर्गहून ब्लेडला जाताना लागणारे टाउर्न आणि कारावांकेन हे बोगदे, तसंच परतीचा ब्रेनर मार्ग, यांचा टोल वेगळा भरावा लागतो.

इटलीत हायवेवर चढताना तिकीट घ्यायचं आणि उतरताना पैसे भरायचे. पिवळ्या ‘टेलिपास’ लेनमध्ये मात्र शिरू नका, ती पासधारकांसाठी असते.

आम्ही केलेली चूक

इटलीतल्या अनेक जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. त्या भागाला ‘झेड टी एल’ म्हणतात. कुणी अडवत नाही, फक्त कॅमेरा नंबर टिपतो. आम्ही नकाशा दाखवेल तसे एका गल्लीत शिरलो आणि विसरून गेलो. चार महिन्यांनी घरी दंडाची नोटीस आली, शिवाय गाडीच्या कंपनीने माहिती पुरवण्याचे पैसे कार्डातून वेगळे कापले होते. हॉटेल अशा भागात असेल तर गाडीचा नंबर नोंदवता येतो का, हे त्यांना आधी विचारा. नाहीतर गाडी वेशीबाहेर लावा. व्हेनिसमध्ये तर गाड्या चालतच नाहीत, म्हणून आम्ही मेस्त्रेला गाडी ठेवून ट्रेनने गेलो.

रस्त्यावरचे नियम

* डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. उजवीकडून पुढे जाऊ नका.

* जर्मनी-ऑस्ट्रियात हायवेवर वाहतूक तुंबली की रुग्णवाहिकेसाठी मधे वाट सोडावी लागते. सर्वात डाव्या लेनमधल्या गाड्या डावीकडे, बाकी सगळ्या उजवीकडे सरकतात.

* पंपावर पेट्रोलच्या खुणेला गोल आणि डिझेलच्या खुणेला चौकोन असतो. इटलीत ‘गाझोलिओ’ म्हणजे डिझेल, नावाला फसू नका.

* संकटात सगळीकडे एकच नंबर : ११२.

खाणं आणि हवामान

स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलंत तर वरणभात करता येतो. भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या न्या. तूप, पेढे, बर्फी नको, कारण बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपियन युनियनमध्ये मनाई आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे भाजी-दूध शनिवारीच घ्या.

मेअखेर ते जून किंवा सप्टेंबर हा काळ चांगला. ऑगस्टच्या मध्यावर इटलीत सुट्ट्यांची मोठी गर्दी असते आणि हिवाळ्यात उंचावरचे अनेक घाट बंद होतात.

शेवटचं एक काम

तक्ता तयार झाला की तो घरातल्या सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान माणसाला दाखवा. त्यांना दिवसभरात बसायला, खायला, नुसतं बघायला वेळ दिसतोय का, हे विचारा. दिसत नसेल तर एक देश कमी करा. आम्ही तीन कमी केले. परतल्यावर सासूबाईंनी मैत्रिणींना किती देश पाहिले ते सांगितलं नाही, त्या ब्लेडच्या बदकांबद्दलच बोलत होत्या.