शेलापागोटे

दोस्तांनो, जानेवारी उजाडला की दहावीच्या वर्गाची काय धांदल उडते, ते तुम्हांला ठाऊक आहेच. एकीकडे प्रयोगवह्या पुऱ्या करायच्या, पूर्वपरीक्षेचे पेपर सोडवायचे. आणि दुसरीकडे कुणाच्या तरी घरून बुटांचं रिकामं खोकं आणायचं, त्याला रंगीत कागद चिकटवायचा, वरच्या बाजूला ब्लेडने चीर पाडायची. झाली पेटी तयार! निरोप समारंभापर्यंत त्या चिरेतून घडी घातलेल्या चिठ्ठ्या आत पडत राहतात. कोणी टाकली ते कुणाला कळायचं नाही. समारंभाच्या दिवशी पेटी फोडायची आणि एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायची. ज्याच्यावर चिठ्ठी असेल त्याने उठून उभं राहायचं, आणि बाकीच्यांनी पोट धरून हसायचं.

बहुतेक शाळांत ह्याला 'फिशपाँड' म्हणतात. पण आपल्या मराठीत ह्यासाठी एक झकास शब्द आहे, 'शेलापागोटे'. शेला म्हणजे खांद्यावर घ्यायचं उंची वस्त्र आणि पागोटं म्हणजे डोक्याला बांधायचं. पूर्वी एखाद्याचा मान करायचा तर ही वस्त्रं देत. म्हणजे पाहा, आपण करतो थट्टा आणि तिला नाव देतो मानाच्या वस्त्रांचं! मला ह्या शब्दात आणखीही एक गंमत दिसते. पागोटं बांधायचं तर डोकं समोर असावं लागतं. डोकं न बघताच कुणी पागोटं बांधायला गेलं, तर ते एक तर नाकावर येईल, नाही तर खाली पडेल.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे सातवीपर्यंतच वर्ग. पुढे मुलं रस्त्यापलीकडच्या हायस्कुलात जातात. त्यांच्या दहावीच्या निरोप समारंभाचं बोलावणं आम्हां प्राथमिकच्या शिक्षकांनाही असतं. गेल्या वर्षी जी मुलं बाहेर पडली ती दुसरीत होती, तेव्हापासून माझ्या ओळखीची. कुणाचे पुढचे दात कधी पडले, तेही मला आठवतं. त्यामुळे मी पहिल्या रांगेत पदर सावरून बसले होते, पण कान अगदी टवकारलेले!

ह्या मुलांनी चिठ्ठ्यांना एक नवीनच रूप दिलं होतं. एक मुलगा टेबलामागे बसला, समोर स्टीलचा पेला उपडा ठेवला, तोच माईक. म्हणाला, "नमस्कार. वीस वर्षांनंतरच्या ठळक बातम्या." आणि सुरू झाला.

"गृहपाठाची वही विचारली की 'उद्या आणतो सर' म्हणणारे आपले मित्र आता पोस्टमास्तर झाले आहेत. गावकऱ्यांची सर्व पत्रं उद्या वाटण्यात येतील, असं त्यांनी कालही सांगितलं."

"गणिताच्या तासाला दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला जाणारे आपले मित्र राज्याचे पाणीपुरवठा मंत्री झाले आहेत. शपथविधी चालू असतानाच ते पाणी प्यायला गेल्याने शपथ अर्धी राहिली आहे."

"प्रश्न पुरा व्हायच्या आत 'बाई, मी सांगू?' म्हणून हात वर करणारी आपली मैत्रीण आता न्यायाधीश आहे. 'गुन्हा कुणी केला?' असं वकिलांनी विचारताच तिनेच हात वर केल्यामुळे कोर्टाचं काम थोडा वेळ थांबवावं लागलं."

"खिडकीजवळच्या बाकावर बसून रस्त्यावरून कुणाची म्हैस गेली ते अचूक सांगणारे आपले मित्र वेधशाळेत लागले आहेत. उद्या पाऊस पडेल की नाही ते त्यांना सांगता आलं नाही, मात्र वेधशाळेसमोरून आज चौदा म्हशी गेल्या."

हसून हसून आमच्या मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. ज्यांच्यावर बातम्या होत्या ती मुलंही लोळत होती. का बरं? कारण त्यातली एकही बातमी दुसऱ्या कुणाला चालली नसती. म्हशी मोजणाराला पोस्टमास्तर करून बघा, मजाच जाईल! पाच वर्षं एका वर्गात बसून एकमेकांकडे नीट पाहिल्याशिवाय असल्या बातम्या सुचत नाहीत.

मोठ्या विनोदी लेखकांचंही असंच असतं. आचार्य अत्रे ह्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' हे पुस्तक काढलं. त्या काळच्या कवींची आणि कवितेतल्या लकबींची त्यांनी त्यात भरपूर टिंगल केली. पण ती करायची तर आधी कविता बारकाईने वाचायला हव्यात, कवीची ढब ओळखायला हवी. ज्याला कविता कळतच नाही, त्याला तिचं विडंबन कुठून जमणार? वर्गमित्राचंही तसंच.

आता दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठ्या पाहू. मुलींच्या बातम्या आल्या तेव्हा मी मनात मोजायला लागले. ओळीने चार मुलींचं भविष्य एकच निघालं: लग्न होणार, पोळ्या करपणार, नवरा उपाशी राहणार. पहिल्या वेळी मुलं हसली, दुसऱ्या वेळी थोडी कमी, आणि चौथ्या वेळी कुणीच नाही. चौथी मुलगी उभी होती. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "लग्न होईल तवा होईल. पण वीस वर्षं मोकळी आहेत की! तवर मी काय करू ते सांगा."

काय टाळ्या पडल्या म्हणता! बातमीवाला गडबडला, पण मुलगा हुशार. त्याने कागद बाजूला ठेवला आणि तिथल्या तिथे बातमी केली: "आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार, जिचा आवाज मधल्या सुट्टीत पार बाजारपेठेपर्यंत ऐकू जातो ती आपली मैत्रीण एसटीची चालक झाली असून तिच्या बसला हॉर्न बसवण्याची गरज उरलेली नाही." ती स्वतः सगळ्यांत जास्त हसली. माझ्या लहानपणी मुलीला कुणी असं म्हटलं असतं तर ते अशक्य कोटीतलं वाटलं असतं. पण २०२३ साली एसटीच्या बसच्या चाकावर महिला चालक बसल्या आणि थट्टेतलं भविष्य खरोखरीच्या नोकरीत जमा झालं.

पाहिलंत ना? 'पोळ्या करपणार' ही चिठ्ठी लिहायला त्या मुलीकडे बघावंच लागत नाही. ती आधीपासून शिवून ठेवलेली टोपी आहे, कुठल्याही मुलीच्या डोक्यावर ठेवा. पागोटं तसं नसतं.

आता माझीच गोष्ट सांगते. २००५ साली मी दहावीत होते. मी बोलताना अडखळते. आजही अडखळते, तेव्हा जरा जास्तच. 'क' आला की माझी बैलगाडी खड्ड्यात रुतायची. आमच्या निरोप समारंभात माझ्या नावाची चिठ्ठी निघाली: 'ही पुढे रेडिओवर बातम्या सांगणार. सकाळच्या बातम्या संध्याकाळी संपतील.'

वाक्य म्हणून बघाल तर चिठ्ठी चांगलीच होती. सगळा वर्ग हसला. मीही हसले. हसले नसते तर 'एवढंही सहन होत नाही का?' असं कुणी तरी म्हणालं असतं. घरी येऊन मात्र मी आईला सांगून टाकलं, की कॉलेजात तोंडी परीक्षा असते, मला कॉलेजात जायचं नाही. आईने ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि एवढंच विचारलं, "रेडिओवर तुला जायचं होतं का?" मी म्हटलं, "नाही." "मग रेडिओची काळजी तू कशाला करतेस? तुला कुठं जायचंय ते बघ."

मला शाळेत जायचं होतं. बारावीनंतर मी डीएड केलं. पहिल्या पाठाच्या वेळी फळ्यासमोर उभी राहिले तेव्हा पाय लटपटत होते, शब्द दोनदा अडला. पण लहान मुलांना घाई नसते, हे मला त्या दिवशी कळलं. ती तोंडाकडे बघत शांतपणे थांबली, शब्द आला, आणि पाठ पुढे सरकला.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या बाकावरच्याच मैत्रिणीने कबूल केलं, की ती चिठ्ठी तिची. म्हणाली, "तू हसलीस गं, म्हणून वाटलं तुला आवडली." तिचा हेतू वाईट नव्हता, आजही ती माझी मैत्रीण आहे. पण पोरांनो, ध्यानात ठेवा. हसणाऱ्याला लागलेलं नसतं, असं नाही. वही विसरणं, सारखं पाणी प्यायला जाणं, म्हशी मोजणं ह्या आपल्या सवयी. त्या आपण केलेल्या असतात, आणि मनात आणलं तर सोडताही येतात. अडखळणं, उंची, रंग, वडिलांचा धंदा, घरची परिस्थिती, जात ह्यांतलं आपण काहीच केलेलं नसतं. तिथे थट्टा झाली की माणसाला परत उत्तर देता येत नाही. तो नुसता उभा राहतो.

आणि भविष्य सांगण्यात भली भली मोठी माणसंही चुकतात बरं का! म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण ह्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळावा म्हणून आपली चित्रं पाठवली होती. तिथल्या प्रमुखांनी कळवलं, की ह्या चित्रांत प्रवेश देण्याजोगा गुण दिसत नाही. पुढे ह्याच लक्ष्मण ह्यांनी त्याच मुंबईत, 'टाइम्स ऑफ इंडिया'त, पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यंगचित्रं काढली. चौकटीचा कोट घातलेला, तोंडातून एक अक्षर न काढणारा त्यांचा 'कॉमन मॅन' घराघरांत पोचला. कलाशाळेच्या प्रमुखांना जे दिसलं नाही, ते आपल्याला दहावीत दिसेलच असं कसं म्हणायचं? म्हणून भविष्य सांगताना दार उघडं ठेवावं, कडी लावू नये.

परत आमच्या समारंभाकडे येते, कारण सर्वांत चांगली बातमी अजून सांगायचीच आहे. ह्या वर्गात एक मुलगा होता, पहिल्या तासाला हमखास झोपणारा. त्याची बातमी आली: "आपल्या मित्राने गाद्यांचं दुकान काढलं आहे. गिऱ्हाइकांनी आवाज न करता गादी न्यावी, मालक झोपले आहेत." सगळे हसले, तोही डोकं खाजवत हसला. पण त्याच्याच नावाची दुसरी चिठ्ठी निघाली. बातमीवाल्याने ती आधी मनात वाचली, मग पेल्याचा माईक बाजूला सारून साध्या आवाजात वाचली:

"हा वर्गात झोपतो, कारण गाव झोपलेलं असतं तेव्हा हा जागा असतो. कारखान्याचा हंगाम चालू झाला की वडील रात्रपाळीला जातात. मग पहाटे चारला उठून धारा काढून डेअरीला दूध हाच घालतो. वीस वर्षांनी ह्याची स्वतःची डेअरी असेल. तिथे कामाला येणाऱ्यांना दुपारची झोप पगारी मिळेल."

तो मुलगा हसला नाही. वळून एकेका बाकाकडे बघू लागला. ही चिठ्ठी कुणी लिहिली, ते त्याला कळून घ्यायचं होतं. आमचे हिंदीचे सर, जे त्याला रोज उठवून उभं करायचे, तेही गप्प होऊन त्याच्याकडे बघत होते. पाच वर्षांत जे कुणी बोललं नव्हतं, ते चार ओळींत सांगून झालं होतं, आणि तेही हसतखेळत.

ह्या वर्गाने पेटीला तीन नियम लावले होते, ते तुम्हीही लावून बघा. एक, चिठ्ठीवर लिहिणाराचं नाव हवं. ते वाचायचं नाही, पण हवं. नाव लिहायचं म्हटलं की हात आपोआप सांभाळून चालतो. दोन, चिठ्ठी शेवटी कुठे तरी पुढे जायला हवी. नुसतं 'असा आहे' म्हणून थांबायचं नाही, 'पुढे काय' तेही सांगायचं. तीन, ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याला विचारल्याशिवाय मोबाइलवर चित्रण करायचं नाही. आमच्या वेळी वर्गातलं हसणं वर्गातच विरून जायचं. आता ते मोबाइलमध्ये राहतं आणि ओळखही नसलेली माणसं ते बघतात.

आणि पालकहो, तुम्हांलाही एक विनंती. समारंभाहून आल्यावर मुलाला 'तुझ्यावर काय चिठ्ठी निघाली?' हे जरूर विचारा. पण त्याबरोबर 'तू कुणावर काय लिहिलंस?' हेही विचारा. आपलं मूल दुसऱ्याकडे कसं बघतं, ते त्या उत्तरात कळतं.

समारंभ संपता संपता मुलांनी हट्ट धरला, "बाई, तुमच्यावर बी एक हाय!" मला उभं राहावंच लागलं. बातमीवाल्याने पेला पुन्हा उपडा ठेवला आणि वाचलं:

"वीस वर्षांनी आपल्या बाई निवृत्त होतील. पण हजेरी घेतल्याशिवाय त्यांना जेवण जाणार नाही. म्हणून आम्ही रोज सकाळी त्यांच्या दारात ओळीने उभे राहून 'हजर बाई' म्हणू. एखाद्या नावाशी बाई अडल्या, तर आम्ही थांबू. आम्हांला घाई नाही."