एका गाडीचे आयुष्य, दुसऱ्या गाडीचे शरीर

१/ मार्च १९६८. जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेन्झने एक चार दरवाजांची गाडी मांडली. बाहेरून ती कंपनीच्या इतर मोठ्या सिडानसारखीच, शांत आणि काहीशी प्रौढ दिसत होती. बॉनेटखाली मात्र ६.३ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन होते. नाव : ३०० एसईएल ६.३. १९७२ पर्यंत अशा ६,५२६ गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी ज्या आजही रस्त्यावर धावतात, त्यांतल्या अनेकींच्या अंगात दुसऱ्या एखाद्या गाडीचे अवयव आहेत. हा थ्रेड त्या दुसऱ्या, अनामिक गाडीविषयी आहे.

२/ गंमत अशी, की या गाडीचा जन्मच एका अवयवरोपणातून झाला. ते इंजिन तिच्यासाठी घडवलेले नव्हते. १९६३ साली आलेल्या '६००' या राष्ट्रप्रमुखांच्या आणि धनाढ्यांच्या अवाढव्य गाडीचे ते इंजिन. एरिश वाक्सेनबेर्गर या अभियंत्याने ते तुलनेने लहान सिडानमध्ये बसवून पाहिले. ज्येष्ठ अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांनी ती गाडी चालवली आणि पहिल्याच सिग्नलला थांबून, खाली उतरून बॉनेट उघडून पाहिले, अशी आख्यायिका सांगितली जाते. एवढे मोठे इंजिन त्या जागेत मावले कसे, हे त्यांना पाहायचे होते म्हणे.

३/ आकडे पाहिले म्हणजे त्या कुतूहलाचे कारण कळते. २५० अश्वशक्ती. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग साडेसहा सेकंदांत. कमाल वेग ताशी २२० किलोमीटर. आणि हे सारे पाच माणसे, त्यांचे सामान व चामड्याच्या आसनांसह. पण या ऐषारामाची आणि वेगाची किंमत गुंतागुंतीत मोजलेली होती. स्प्रिंगांऐवजी हवेवर तोललेले सस्पेन्शन, निर्वात दाबावर चालणारी दारांची कुलुपे, विजेवर चालणाऱ्या काचा, आणि आठ सिलिंडरांना इंधन मोजून देणारा आठ दट्ट्यांचा यांत्रिक पंप. नवेपणी जे वैभव होते, तेच म्हातारपणी दुखणे ठरले.

४/ १९७३ च्या तेलसंकटाने अशा तहानलेल्या गाड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गाडी पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली आणि प्रत्येक वेळी स्वस्त होत गेली. इथे जुन्या आलिशान गाड्यांच्या इतिहासातला एक निष्ठुर नियम दिसतो : गाडीची किंमत उतरते, तिच्या पंपाची उतरत नाही. दुरुस्तीचे बिल ज्या दिवशी गाडीच्या किमतीच्या वर गेले, त्या दिवशी ती गाडी 'सुट्या भागांची गाडी' झाली. तिला दातागाडी म्हणता येईल. तिचा मृत्यू बहुधा यांत्रिक नसतो. तो हिशेबाच्या वहीत होतो.

५/ पण सुटे भाग नवे मिळत असताना दातागाडी हवीच कशाला? मर्सिडीज-बेन्झने १९९३ साली श्टुटगार्टजवळच्या फेलबाखमध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र केंद्र उघडले आणि अनेक भाग आजही मिळतात. तरी सगळेच मिळत नाहीत, आणि जे मिळतात ते स्वस्त नसतात. शिवाय गाडी फक्त मोठ्या भागांची बनलेली नसते. वायर धरून ठेवणारी क्लिप, काचेखालची पट्टी, दाराच्या पोटातला एखादा कंस, नेमक्या लांबीचा स्क्रू, अशा शेकडो क्षुद्र वस्तूंवर ती उभी असते. एका हरवलेल्या क्लिपपायी दिवसभराचे काम अडून राहते. दातागाडीत त्या सगळ्या आपापल्या जागी असतात.

६/ 'आपापल्या जागी' हे शब्द महत्त्वाचे. दातागाडी हे नुसते कोठार नाही, तो एक संदर्भग्रंथही आहे. आधीच्या कोणा मेकॅनिकने नळी चुकीच्या वाटेने नेली असेल, तर खरी वाट कोणती हे दुसरी, न उघडलेली गाडीच सांगते. पुस्तिकेतली आकृती सपाट असते. गाडीत मात्र कोणती वायर कशाच्या मागून जाते, कोणता स्क्रू आधी सोडवावा लागतो, हे हाताला कळते. म्हणून जाणता मालक चांगल्या गाडीला हात लावण्यापूर्वी तोच भाग दातागाडीत उघडून पाहतो. चूक व्हायची ती तिथे होऊ दे, असा त्यामागचा विचार.

७/ आता प्रश्न वंशावळीचा. कोणती गाडी कोणाला काय देऊ शकते? ६.३ चा सांगाडा कंपनीच्या 'डब्ल्यू १०९' मालिकेचा. ३०० एसईएल ३.५ आणि ४.५ या तिच्या सख्ख्या बहिणी. दारे, काचा, हवेच्या सस्पेन्शनचे भाग, आतले लाकूडकाम यांसाठी त्या उपयोगी पडतात. 'डब्ल्यू १०८' ही चुलत बहीण. तिच्या आखूड आवृत्तीची पुढची दारे चालतात, मागची नाहीत. कारण तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २,७५० मिलिमीटर आहे आणि ६.३ चे २,८५०. हे जास्तीचे दहा सेंटिमीटर मागच्या प्रवाशाच्या पायांसाठी आहेत आणि ते मागच्या दारातच दडलेले आहेत.

८/ पण या बहिणींपैकी कोणीही इंजिन देऊ शकत नाही. त्यासाठी दुसऱ्याच घराण्यात जावे लागते. 'एम १००' या नावाचे हे इंजिनकुळ फक्त तीन गाड्यांत बसले : ६०० (२,६७७ गाड्या), ३०० एसईएल ६.३ (६,५२६) आणि १९७५ नंतरची ४५० एसईएल ६.९ (७,३८०). बेरीज १६,५८३. जगभरच्या सगळ्या गाड्या धरून एवढाच हा गोतावळा. त्यातही ६.९ चे इंजिन जसेच्या तसे बसत नाही. त्याची इंधनव्यवस्था वेगळी, वंगणाची रचनाही वेगळी. कुळ एक, पण स्वभाव निराळे. म्हणून ६.३ चा मालक सांगाड्यासाठी एका गाडीकडे पाहतो आणि काळजासाठी दुसरीकडे.

९/ दातागाडीकडून काय घ्यावे यापेक्षा काय घेऊ नये, हे शिकायला वेळ लागतो. धातू, काच, लाकूड, क्रोमच्या पट्ट्या, स्विच, काच वर-खाली करणारी यंत्रणा हे घ्यावे. रबर घेऊ नये. ब्रेकच्या नळ्या, दारांची रबरे, हवेच्या सस्पेन्शनच्या पिशव्या या वस्तू वापराने जेवढ्या झिजतात, तेवढ्याच नुसत्या पडून राहूनही मरतात. पन्नास वर्षांची रबरी पिशवी दुसऱ्या पन्नास वर्षांच्या रबरी पिशवीला वाचवू शकत नाही. जिथे जीव टांगणीला लागतो, म्हणजे ब्रेक आणि सुकाणू, तिथे काटकसर ही शहाणपण नव्हे.

१०/ या सस्पेन्शनचे दुखणे मालकाला सकाळीच कळते. रात्री ताठ उभी असलेली गाडी पहाटे एका कोपऱ्यावर बसलेली आढळते, उंटाने एक गुडघा टेकावा तशी. हवा कुठेतरी गळते आहे. पिशवी फाटली, झडप अडकली, की सांध्यातून गळती आहे? समतोल राखणाऱ्या तीन झडपा आहेत, दोन पुढे आणि एक मागे. दातागाडीची झडप काढून, उघडून, साफ करून, नवी रबरी कडी घालून बसवता येते. तिचे धातूचे शरीर जुने, श्वास नवा. जतनकार्याचे सगळे तत्त्व त्या मुठीएवढ्या वस्तूत मावते.

११/ मग एक दिवस असा येतो, की ताडपत्रीखालची ती दुसरी गाडी निम्मी रिकामी झालेली असते. दारे गेली, आसने गेली, घड्याळांची पट्टी गेली. छप्पर मात्र अजून सरळ असते. आणि मालकाच्या मनात तो प्रश्न उभा राहतो, जो त्याने विकत घेताना टाळला होता : ही गाडी खरोखर वाचण्यापलीकडे होती का? की ती फक्त चुकीच्या वर्षी, चुकीच्या भावात त्याच्या हाती लागली? ज्या अवस्थेतल्या गाड्या एका पिढीने खुशाल मोडल्या, तशाच अवस्थेतल्या गाड्या भाव चढल्यावर पुढची पिढी कर्ज काढून उभ्या करते. मोडणाऱ्याला हे ठाऊक नसते. रद्दीत दप्तर विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

१२/ याचे सर्वांत बोलके उदाहरण याच मॉडेलचे आहे. १९७१ साली एएमजी या तेव्हाच्या छोट्या कंपनीने एक ३०० एसईएल शर्यतीसाठी तयार केली, इंजिन ६.८ लिटरपर्यंत वाढवले आणि बेल्जियमच्या स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. हान्स हायर आणि क्लेमेन्स शिकेनटान्झ यांनी ती एकूण क्रमवारीत दुसरी आणली. लालभडक रंगामुळे आणि आकारामुळे तिला जर्मनीत 'लाल डुकरीण' म्हणू लागले. पुढे ती फ्रान्सच्या मात्रा कंपनीला विमानांच्या चाकांच्या चाचण्यांसाठी विकली गेली. कामानुसार तिच्यात फेरफार झाले आणि मूळ गाडी नाहीशी झाली. आज दाखवली जाते ती प्रतिकृती. त्या वेळी ती कोणालाच इतिहास वाटली नव्हती. ती फक्त एक वेगवान, वापरलेली गाडी होती.

१३/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थीसियसचे जहाज आठवणारच. प्लुटार्कने नोंदवलेला तो जुना पेच : एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच राहते का? सतराव्या शतकात थॉमस हॉब्सने त्यात भर घातली : काढलेल्या जुन्या फळ्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? दातागाडी या पेचाला तिसरे वळण देते. इथे फळी नवी नाही आणि स्वतःचीही नाही. ती त्याच गोदीत बांधलेल्या दुसऱ्या जहाजाची आहे, जे या जहाजासाठी मोडले गेले. तत्त्ववेत्त्यांनी वाचलेल्या जहाजाची ओळख विचारली. मोडलेल्या जहाजाचे नाव विचारायचे राहूनच गेले.

१४/ हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ६.३ चा सांगाडा क्रमांक १०९.०१८ ने सुरू होतो, ३.५ चा १०९.०५६ ने, ४.५ चा १०९.०५७ ने. कारखान्यातून निघताना प्रत्येक गाडीचे एक माहितीपत्रक तयार होई : सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स यांचे क्रमांक, रंग, मागवलेल्या सोयी. गाडीची ही जन्मपत्रिकाच. ६.३ दुर्मीळ व महाग झाल्यावर मोह वाढतो : गंजून संपलेल्या ६.३ ची क्रमांकपट्टी आणि इंजिन काढून साध्या बहिणीच्या अंगावर चढवायचे. तसे करणे म्हणजे बनावट ताम्रपट घडवणे. धातू खरा, अक्षरे खरी, दान खोटे. म्हणून दातागाडीची कागदपत्रे आणि क्रमांक तिच्या सांगाड्याबरोबरच राहिले पाहिजेत.

१५/ यावर विचार झालेला आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले, की बदललेला भाग एकूण रचनेत मिसळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. त्याच परंपरेत ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्यूरिन सनद स्वीकारली. त्याआधी, २००० साली, युरोपीय संघाने निकामी वाहनांविषयी निर्देश काढला. त्याच्या प्रस्तावनेत एक लक्षणीय वाक्य आहे. त्याचा आशय असा : नीट जपलेली ऐतिहासिक वाहने, मग ती चालू स्थितीत असोत वा सुटी करून ठेवलेली असोत, कचरा ठरत नाहीत. कायद्याच्या रूक्ष भाषेने सुट्या केलेल्या गाडीलाही वारशाच्या पंगतीत बसवले.

१६/ कचरा नाही, तर मग काय? साधनसामग्री. पुरातत्त्वातला पहिला धडा हा, की उत्खनन म्हणजे विध्वंसही असतो. थर एकदाच उचलता येतो, म्हणून उचलण्यापूर्वी नोंद करायची. दातागाडीलाही तोच नियम लागू. मोडण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे. प्रत्येक भागाला चिठ्ठी : कुठला, कोणत्या क्रमांकाच्या गाडीतून, कोणत्या दिवशी. आणि ज्या गाडीत तो बसला, तिच्या वहीत त्याची नोंद. मागच्या डाव्या दाराची काच पुढे कोणी तपासली, तर ती कोठून आली हे त्याला वाचता आले पाहिजे.

१७/ दुरुस्ती गाडीला चालते ठेवते. तिचा इतिहास मात्र वही चालता ठेवते. वहीशिवाय दातागाडी हे भंगार आहे आणि वाचलेली गाडी ही एक सुंदर पण मुकी वस्तू. वही असली, म्हणजे दोन गाड्या एका देहात राहतात आणि दोघींची नावे उरतात. एखाद्या सकाळी ६.३ आपल्या चारही कोपऱ्यांवर हळूहळू उचलली जाते, तेव्हा त्या हवेचे माप दुसरीचीच एखादी झडप ठरवत असते. तिचे छप्पर, तिचा रंग, तिचे मालक आता नाहीत. वहीच्या एका ओळीत तिचा सांगाडा क्रमांक आहे. निदान तेवढे देणे तिला लागत होतेच.

(थ्रेड समाप्त)
#इतिहास #थ्रेड #मराठी