आज बेटर आहेत

आई दवाखान्यात होती तेव्हा रोज सकाळी राउंडला आलेले डॉक्टर केसपेपर चाळून एवढंच सांगायचे, "आज बेटर आहेत." आणि पुढच्या कॉटकडे वळायचे. मी त्या शब्दापाशीच अडकून राहायचे. बेटर, पण कशापेक्षा?

शाळेत गुड, बेटर, बेस्ट पाठ केलं होतं. आधी चांगलं, मग त्याहून चांगलं, मग सगळ्यांत चांगलं, अशा चढत्या पायऱ्या. आजाऱ्याच्या खोलीत त्यांचा क्रम बदलतो. तिथे बेटर आधी येतं. गुड यायला कितीतरी दिवस लागतात. आई चांगली नव्हतीच, कालच्याहून कमी वाईट होती. इंग्रजीत ठणठणीत झालेल्यालाही बेटर म्हणतात आणि नुकतीच कूस वळवू लागलेल्यालाही.

गुडशी या शब्दाचं रक्ताचं नातं नाही. स्मॉलचं स्मॉलर होतं, तसं गुडचं झालं नाही. बेटर वेगळ्याच कुळातून येऊन त्याच्या शेजारी बसला. जुन्या इंग्रजीत त्याच कुळातलं एक क्रियापद होतं, 'बेटान', म्हणजे दुरुस्त करणं, सुधारणं. मोडलेलं सांधण्याची ही आठवण शब्दात आहे हे कळल्यापासून डॉक्टरांचं ते तुटक वाक्य मला मायेचं वाटतं.

आपल्याकडे तुलनेला 'पेक्षा' लागतं, आणि ते आलं 'अपेक्षा'वरून. मुळात त्याचा अर्थ 'च्या मानाने' एवढाच. पण कॉटशेजारी स्टुलावर बसलेल्या माणसाला 'कालच्यापेक्षा' म्हणताना त्यातली दुसरी अपेक्षाही ऐकू येते. मला तरी रोज यायची.

आणि आपलं 'बरं'! ते संस्कृतातल्या 'वर'चं रूप. याच्यापेक्षा ते पत्करलं, असं सांगायला संस्कृतातही 'वरम्' म्हणत. म्हणून तर नाही मामापेक्षा काणा मामा बरा असतो, आणि पाऊस भरून आला की आता निघालेलं बरं असतं. चांगल्याच्या एक पायरी खाली उभा असलेला हा शब्द. पण खालून वर येणाऱ्याला पहिल्यांदा हात देतो तो हाच.

आईच्या उशाशी भिंतीवर ऑक्सिजनची काचेची नळी होती. तिच्यातली छोटी गोळी पहिल्या दिवशी 6 वर तरंगत होती, खालच्या बाटलीतलं पाणी सारखं बुडबुडत होतं. तिसऱ्या दिवशी गोळी 4 वर आली. पाचव्या दिवशी सिस्टरांनी चावी फिरवून ती 2 वर आणली. बुडबुड्यांचा आवाज इतका मंदावला, की आईचा श्वास वेगळा ऐकू येऊ लागला.

"कशी आहेस गं?" मी विचारलं.

तिने मास्क जरा बाजूला केला. "बरी आहे. चहा मिळेल का?"