वस्तीची बोट

कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांना वस्तीची एस.टी. समजावून सांगावी लागत नाही. दिवसाची शेवटची गाडी म्हणून ती गावात यायची, देवळासमोर रात्रभर उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिच्यातच पथारी पसरायचे आणि पहाटे पहिली गाडी म्हणून तीच परत सुटायची. गेल्या वर्षी गणपतीत, तिसरा मोदक फोडता फोडता आमच्या धाकट्या कन्येने 'लिव्हअबोर्ड' हा शब्द उच्चारला आणि त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा मला पहिली आठवण झाली ती या गाडीची.

"म्हणजे वस्तीची बोट!" मी म्हटले.

"तसंच म्हणा," ती म्हणाली, "फक्त पथारीऐवजी केबिन असते."

स्कूबाचे शिक्षण तिने तारकर्लीला घेतले होते. आता तिचा बेत मालदीवचा होता. मालेच्या बंदरात बोटीवर चढायचे आणि सात रात्री तिच्यावरच राहायचे. बोट एका कंकणद्वीपाकडून दुसऱ्याकडे जात राहणार आणि ही मंडळी पाठीवर हवेची टाकी बांधून दिवसातून तीनदा समुद्रात उतरणार. हॉटेलात राहिले तर जवळपासचेच खडक पाहायला मिळतात. लांबचे पाहायचे तर बिऱ्हाडच बोटीवर हवे.

"मासे बघायला इतक्या लांब?" आमची ही म्हणाली. "दादरच्या बाजारात का नाही जात?"

सगळे हसले. मला हसू आले नाही. मला आत्या आठवली.

१७ जुलै १९४७ रोजी, दिव्यांच्या अवसेला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत आमच्या आत्याचे यजमान होते. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. आत्या मग जन्मभर आमच्याच घरी राहिली. त्या दिवसाबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. पण पुन्हा लाँचमध्ये तिने पाऊल ठेवले नाही. अलिबागला जायचे तर पेणवरून, मग कितीही वळसा पडो! आणि रात्री दिवा मालवण्यापूर्वी अंथरुणांवरून नजर फिरवून ती घरातली माणसे मोजायची. कुणी रात्रपाळीहून यायचा असला, तर तो येईपर्यंत उंबऱ्याशी बसून राहायची. आम्हां मुलांना त्याची गंमत वाटे.

तेव्हा माझे पहिले उत्तर 'नाही' हेच होते. कन्या तीस वर्षांची, स्वतः मिळवती. माझ्या परवानगीवाचून तिचे काही अडत नव्हते. पण माझा शब्द ओलांडून जाणे तिच्या जिवावर आले होते. दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यभर बँकेच्या शाखा तपासल्यात ना? मग माझी बोट तपासा. तुमच्या तपासणीत एकही पास झाली नाही, तर मी जाणार नाही."

मला पेचात पकडायचे कसे, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

मी तीन बोटी निवडल्या आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरुवातीला मी भुललो. सर्वांत महागड्या बोटीच्या गच्चीवर न्हाण्याचे हौद होते, केबिनींत गालिचे होते, जेवणाच्या टेबलावर कलिंगडात कोरलेला हंस होता. मी तिच्यापुढे खूण केली. दारातला गालिचा बघून शाखा चांगली ठरवू नये, हे ज्याने चौतीस वर्षे कनिष्ठांना शिकवले त्याची ही कथा! स्वस्त बोटीत कुठेतरी काटकसर झालेली असण्याचा संभव असतो, हे खरे. पण महागड्या बोटीतले पैसे हंसावर खर्च झाले की पंपावर, हे फोटोतून कळत नाही.

कन्येने ती खूण पाहिली आणि एक चौकशी अहवाल माझ्यापुढे ठेवला. "तुम्हांला घाबरवायला नाही," ती म्हणाली. "प्रश्न काय विचारायचे ते कळावं म्हणून."

तो अहवाल 'कन्सेप्शन' नावाच्या बोटीचा होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या सांताक्रूझ बेटापाशी ती नांगरलेली असताना २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे तिला आग लागली. डेकखालच्या शयनगृहात झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी असे सर्व ३४ जण मृत्यू पावले. वर झोपलेले कप्तान व चार कर्मचारी वाचले. शयनगृहाला वाटा दोन होत्या, पुढे जिना आणि मागे एका बिछान्यावरचा झरोका. पण दोन्ही वाटा वरच्या एकाच दिवाणखान्यात निघत होत्या आणि आग तिथेच होती. धुराची सूचना देणारी यंत्रे खाली होती, दिवाणखान्यात नव्हती. आगीचे कारण निश्चित सापडले नाही. रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचा संशय मात्र घेतला गेला.

हे सारे वाचून झाल्यावर ज्या दोन गोष्टींनी मला हलवले त्या वेगळ्याच होत्या. एक, बोटीची सरकारी तपासणी रीतसर झालेली होती. कागद स्वच्छ होते. दुसरी, प्रवासी झोपलेले असताना एका माणसाने जागे राहून बोटीवर फिरत राहावे असा नियम होता आणि त्या रात्री जागे कोणीच नव्हते. कप्तानाला त्याबद्दल २०२४ साली चार वर्षांची शिक्षा झाली.

कागद स्वच्छ असला की मी जन्मभर निश्चिंतपणे सही केली. पण कागद काही रात्री जागत नाही. त्या रात्री मला उंबऱ्याशी बसलेली आत्या प्रथमच नीट दिसली.

मग मी वाचतच गेलो. तांबड्या समुद्रात जून २०२३ मध्ये अशीच एक बोट जळाली आणि तीन ब्रिटिश प्रवासी गेले. तिथेच नोव्हेंबर २०२४ मध्ये 'सी स्टोरी' नावाची बोट पहाटेच्या अंधारात उलटली. अकरा जण मृत वा बेपत्ता झाले, तर काही जण उलटलेल्या बोटीच्या आतून दुसऱ्या दिवशी जिवंत सापडले. आणि १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका बोटीने माणसे मोजण्यात चूक केली. एक अमेरिकन जोडपे पाण्यातच राहिले आणि बोट किनाऱ्याला परतली. ते आले नाहीत हे दोन दिवसांनी लक्षात आले. ते पुन्हा सापडले नाहीत.

माणसे मोजणे आणि जागे राहणे! आमच्या आत्याने कुठलाही अहवाल वाचलेला नव्हता.

मी तिन्ही बोटींना एकच पत्र पाठवले. पहिला प्रश्न : रात्री जागे कोण असते आणि तो जागा आहे हे कोण पाहते? दुसरा : केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा दोन वेगळ्या ठिकाणी निघतात का? तिसरा : एका ठिकाणी धूर झाला तर सगळीकडे घंटा वाजते का? कॅमेऱ्याच्या नि टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, आणि तिथे माणूस असतो का? जीवरक्षक तराफ्यांत बोटीवरची सारी माणसे मावतात का? बुडताना आपले ठिकाण उपग्रहाला कळवणारे यंत्र आहे का? पहिल्याच दिवशी, पहिल्या जेवणाआधी, संकटाची तालीम होते का?

पाण्यातले प्रश्न कन्येने सांगितले. डाइव्हच्या आधी आणि नंतर नाव घेऊन हजेरी होते, की नुसती डोकी मोजतात? प्रवाहात वाहत गेलेला माणूस लांबून दिसावा म्हणून भडक रंगाचा लांबट फुगा प्रत्येकाजवळ असतो का? टाक्या भरणारा कंप्रेसर हवा कुठून घेतो? इंजिनाचा धूर त्यात शिरला तर विषारी वायू थेट टाकीत जातो. भराभर वर आल्यामुळे कुणाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाले, तर त्याला इलाजाच्या दाबकोठडीपर्यंत पोचेतो पुरेल इतका ऑक्सिजन आहे का? आणि लागोपाठ डाइव्ह केल्यावर किमान अठरा तास विमानात बसू नये, म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवता का?

या बाबतीत मालदीवची एक चाल मला पसंत पडली. मोठ्या बोटीमागून एक धोनी चालते. (धोनी म्हणजे तिथली नाव. आपला क्रिकेटवीर नव्हे.) टाक्या, कंप्रेसर, सारे तिच्यावर. पाण्यात उतरायचे तिच्यावरून, आणि ती वर माग काढत राहते. झोपायची जागा वेगळी, यंत्रांची जागा वेगळी. आपल्या जुन्या वाड्यांत चूल माजघरापासून दूर असे, त्यातलाच हा शहाणपणा.

उत्तरे आली. हंसवाल्या बोटीने सातही दिवसांच्या जेवणाची यादी पाठवली. प्रश्नांबद्दल एवढेच, की 'आमचे पाहुणे आमचे कुटुंब आहे'. दुसऱ्या बोटीने कळवले, की पंधरा वर्षांत एकही अपघात नाही, आपण निर्धास्त असावे. मी पुष्कळ शाखाधिकाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकले आहे. ज्या शाखेत कधीच चूक झालेली नसते तिच्या तिजोरीची किल्ली मी आधी मागत असे.

तिसरे उत्तर तीन दिवस उशिरा आले. भाषा खडबडीत, पण प्रश्नाला प्रश्नाच्या क्रमाने उत्तर. रात्री दोन माणसे पाळीपाळीने जागतात. दर अर्ध्या तासाने फेरी आणि फेरीची वहीत नोंद. वहीच्या दोन पानांचे फोटो सोबत होते, त्यांतले एक चहाच्या डागासकट. केबिनींतली दुसरी वाट छतातून पुढच्या डेकवर निघते. 'ती अरुंद आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक पाहुण्याला आम्ही तिच्यातून चढायला लावतो. ज्यांना जमत नाही त्यांना वरची केबिन देतो.' केबिनमध्ये बॅटरी चार्ज करायला बंदी. आणि शेवटी त्यांनीच उलट विचारले होते : तुमच्या मुलीच्या डाइव्ह किती झाल्या? शेवटची केव्हा?

"बावीस," कन्या म्हणाली. "शेवटची दीड वर्षापूर्वी."

मी तेच कळवले. उत्तर आले, की कंकणद्वीपांमधल्या खाड्यांत, ज्यांना तिथे कंडू म्हणतात, प्रवाह जोरदार असतो. तेव्हा पहिली डाइव्ह शांत पाण्यात सरावाची, आणि पुढची खाडी वाटाड्या सांगेल तरच. कन्येचा चेहरा थोडा पडला. मी म्हटले, "जो दुकानदार 'हा माल तुम्हांला झेपणार नाही' असं सांगतो, त्याच्याकडूनच घ्यावं." तिने मान हलवली. बोट जुनी होती, गच्चीवर हौद नव्हता, आणि पडदे तर आमच्या चाळीतले वाटावेत असे. मी तपासणीच्या कागदाखाली सही केली. पाणबुड्यांचा स्वतंत्र विमा तिने आधीच उतरवून ठेवला होता.

समुद्र शांत असतो म्हणून फेब्रुवारी ठरला. विमानतळावर निरोप घेताना मी तिला सूचना केली नाही. सगळे कागदावर होते. पण पहिल्या रात्री मला झोप आली नाही. कूस बदलत राहिलो. शेवटी उठून बाहेरच्या खोलीत बसलो. घड्याळात पावणेतीन झाले होते. माझी तीनशेबावन्न शाखांची तपासणी त्या वेळी काही उपयोगाची नव्हती. ज्याला मी कधी पाहिले नाही असा कोणी खलाशी तिकडे जागा आहे की नाही, एवढ्या एका गोष्टीवर सारे येऊन ठेपले होते.

सकाळी तिचा निरोप आला. "बाबा, रात्री अडीचला गजर लावून उठले. वर गेले. एक वयस्क खलाशी टॉर्च घेऊन फिरत होता. मला बघून तोच घाबरला, कुणी आजारी आहे का म्हणाला. मी म्हटलं, नाही, तुम्ही जागे आहात का ते पाहायला आले. तो रागावला नाही. वही उघडून दाखवली, आणि आलं घातलेला चहा दिला. आता मी रोज झोपणार आहे. तुम्हीही झोपा."

मी उठायला तिला सांगितले नव्हते. आणि मी जागा होतो हे तिला कुणी सांगितले, ते ती अजून सांगत नाही.

आठव्या दिवशी ती परतली. उन्हाने काळवंडलेली, बोलून बोलून घसा बसलेला. मांटा नावाचे प्रचंड मासे डोक्यावरून पाखरांसारखे कसे गेले, ते तिने आईला तीनदा सांगितले. एका खाडीत वाटाड्याने उतरू दिले नाही, तेही सांगितले, आणि ते सांगताना तक्रारीचा सूर नव्हता.

त्या रात्री दिवा मालवण्यापूर्वी माझी नजर आपोआप घरातल्या अंथरुणांवरून फिरली. तीन. मग मी झोपलो.